टाक्यांच्या धाग्यात औषध मुरवायचं मशीन: ब्रोशरवरचा दाब सोडा, व्हॉल्व्ह बघा

निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका. पाचपैकी साडेतीन. भांडं दणकट आहे, तापमान सांगितलं तिथे धरून राहतं, पंप कटकट करत नाही. कापलेले दीड गुण जवळजवळ सगळे एकाच जागी गेलेत, दाब सोडण्याच्या व्यवस्थेत. आणि शस्त्रक्रियेच्या टाक्यांच्या धाग्यात औषध भरायचं असेल, तर धाग्याचं बरंवाईट नेमकं तिथेच ठरतं. कंपनीचं नाव लिहीत नाही. अशी मशीनं बरेच जण बनवतात आणि माहितीपत्रकं सगळ्यांची एकाच साच्यातली असतात. कुठलंही घेत असाल तरी पुढचं वाचून ठेवा.

मशीन म्हणजे १०० मिलिलिटरचं जाड स्टीलचं भांडं, त्याला सफायरच्या काचेची खिडकी, तळाशी मॅग्नेटिक स्टरर, द्रवरूप कार्बन डायऑक्साइड (सीओटू) आत ढकलणारा पंप, पंपाचं डोकं थंड ठेवणारा चिलर आणि बाहेर जाणाऱ्या नळीवर बॅक प्रेशर रेग्युलेटर, म्हणजे आतला दाब धरून ठेवणारा आणि हवा तेव्हा सोडणारा व्हॉल्व्ह. ब्रोशरवर ठळक अक्षरांत लिहिलंय: ४०० बार (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेचा दाब), १५० अंश. विरघळणाऱ्या धाग्यांचं काम करणाऱ्याला या दोन्ही आकड्यांचं काही करायचं नाही. पॉलिस्टर रंगवणाऱ्यांना लागतं तेवढं. पाण्याऐवजी सीओटूमध्ये कापड रंगवणारे कारखाने साधारण १२० अंश आणि २५० बारला काम करतात, कारण पॉलिस्टर त्याशिवाय रंग आत घेत नाही. आमचं बहुतेक काम ४० ते ६० अंश आणि १०० ते २०० बारमध्ये आटोपतं.

आमची लॅब पॉलिमरची. सर्जन मंडळींची मागणी अशी होती, की जखमेत बसलेला धागाच हळूहळू वेदनाशामक सोडत राहिला पाहिजे. मग त्यापाठोपाठ जंतुनाशकाचीही विचारणा झाली, ती होतेच. टाका म्हणजे शेवटी शरीरातली परकी वस्तू. १९५७ साली एलेक आणि कोनेन यांनी स्वयंसेवकांवर केलेल्या प्रयोगात दिसलं होतं, की नुसत्या त्वचेत पू व्हायला स्टॅफिलोकॉकसचे काही दशलक्ष जंतू लागतात. तिथे रेशमी टाका असेल तर तीनेकशे पुरतात. तेव्हापासून सगळ्यांच्या डोक्यात तोच विचार आहे: धागा तिथे बसणारच आहे, तर त्यानेच जंतूंचा बंदोबस्त का करू नये?

बाजारात ट्रायक्लोसान या जंतुनाशकाचा लेप दिलेले धागे आहेतच. व्हिक्रिल प्लससारख्या धाग्यावर मीटरमागे जास्तीत जास्त ४७२ मायक्रोग्रॅम ट्रायक्लोसान असतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये असे धागे वापरायची सशर्त शिफारस केली. मग २०२१ मध्ये फाल्कन चाचणीचे निष्कर्ष आले. सात देश, ५४ रुग्णालयं, ५,७८८ रुग्ण, आणि पोटाच्या शस्त्रक्रियांत लेपाचा धागा आणि साधा धागा यांच्यात जखम चिघळण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही. म्हणजे वाद मिटलेला नाही. माझ्या मते लेप हाच अर्धवट उपाय आहे. वर लावलेलं असतं, ते लवकर निघून जातं. औषध धाग्याच्या अंगात गेलं पाहिजे.

अंगात घालायचे जुने रस्ते दोन. धागा ओढतानाच वितळलेल्या पॉलिमरमध्ये औषध मिसळायचं, तर पीएलएलए (पॉलिलॅक्टिक अॅसिड, विरघळणाऱ्या धाग्यांचं एक पॉलिमर) वितळतं १७५ अंशांच्या आसपास आणि तिथे भलीभली औषधं टिकत नाहीत. नाहीतर धागा औषध विरघळवलेल्या सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे द्रावकात, बुडवायचा. डायक्लोरोमिथेनमध्ये हे धागे फुगतात किंवा सरळ विरघळायला लागतात, आणि उरलेला सॉल्व्हंट ६०० पीपीएमच्या (दहा लाखांत ६०० भागांच्या) खाली आणता आणता नाकी नऊ येतात.

म्हणून सीओटू. ३१ अंश आणि ७३.८ बारच्या वर गेला, की तो धड वायू राहत नाही आणि धड द्रवही नाही. वायूसारखा कुठेही शिरतो आणि द्रवासारखी काही औषधं विरघळवतो. शिवाय तो पॉलिमरमध्ये मुरतो, साखळ्या सैल करतो, धागा किंचित फुगतो आणि विरघळलेलं औषध त्या वाटेने आत जातं. मग दाब काढला, की सीओटू निघून जातो, साखळ्या पुन्हा आवळतात आणि औषध आत अडकतं. सॉल्व्हंट उरण्याचा प्रश्नच नाही.

खिडकीचे पैसे वेगळे पडतात, तरी घ्याच. थॉमस अँड्र्यूज यांनी १८६९ मध्ये काचेच्या नळीत जे पाहिलं, ते इथे रोज दिसतं. द्रवाची पातळी दाखवणारी रेघ आधी पातळ होते, मग थरथरते, क्षणभर सगळं गढूळ, तपकिरीसर होतं आणि रेघ नाहीशी होते. बघायला सुंदर आहे ते आहेच, पण खिडकीचा खरा फायदा वेगळा: औषध तळाशी शिल्लक आहे की संपलं, ते कळतं. थोडं शिल्लक दिसलं म्हणजे वरचा सीओटू औषधाने भरलेला आहे आणि धाग्याला मिळायचं तेवढं मिळतंय. खिडकी नसलेल्या भांड्यात हा नुसता अंदाज.

आता भांड्याबरोबर आलेली टोपली. जाळीदार, गोल, दिसायला देखणी आणि धाग्यासाठी बिनकामाची. तिच्यात गुंडाळी टाकली, की वळ्यांवर वळी पडते आणि जिथे धागा धाग्याला टेकतो तिथे औषध कमी जातं. शिवाय ओढून ताणलेला धागा सीओटूमध्ये सैल झाला, की आक्रसतो. मोकळा ठेवला तर आखूड होऊन, वेडावाकडा होऊन बाहेर येतो आणि त्याची ताकद गेलेली असते. आम्ही स्टीलच्या बारीक तारेची चौकट करून घेतली. तिच्यावर धागा दोन्ही टोकांनी बांधून, वळ्यांमध्ये फट ठेवून गुंडाळतो. औषध खाली फिल्टर पेपरच्या पुडीत, धाग्याला न टेकणारं. ही चौकट कंपनीने द्यायला हवी. ज्या मशीनच्या जाहिरातीत टाक्यांच्या धाग्यांचा फोटो छापलाय, तिच्यासोबत धागा ठेवायला काही येत नाही, याला काय म्हणायचं?

मॅन्युअलमध्ये 'तापमान वाढवा, विद्राव्यता वाढेल' असं सरळ ठोकून दिलंय. हे खोटं नाही, पण अर्धंच खरं आहे. १०० बारला ४० अंशांवर सीओटूची घनता लिटरमागे साधारण ६३० ग्रॅम असते. त्याच दाबाला ६० अंशांवर जा, ती २९० वर येते. विरघळवायची ताकद घनतेवर अवलंबून, म्हणजे इथे गरम करून तोटाच. २०० बारला मात्र ४० अंशांवर ८४० आणि ६० अंशांवर सव्वासातशे, घट थोडी. तिथे उष्णतेने औषधाची स्वतःची उडून जाण्याची ओढ वाढते आणि फायदा होऊ शकतो. मशीन घेतल्यावर हा तक्ता छापून भिंतीवर लावा. मॅन्युअलपेक्षा तोच जास्त उपयोगी पडतो.

आम्ही सुरुवात केली कीटोप्रोफेनने, कारण ते सीओटूमध्ये बऱ्यापैकी विरघळतं. पीएलएलएमध्ये ते छान जातं. पॉलिप्रोपिलीनमध्ये फारच कमी, कारण त्याला धरून ठेवायला त्या साखळीत काही नाही. पीसीएलचा (पॉलिकॅप्रोलॅक्टोन) धागा लावायच्या फंदात पडू नका. तो एरवीच साठ अंशांच्या आसपास वितळतो आणि दाबाखालच्या सीओटूमध्ये त्याहून बराच खाली. चौकटीवर धाग्याऐवजी चिकट थेंब मिळतात. पीडीओ (पॉलिडायॉक्सॅनोन) आम्हाला सगळ्यात आवडला. मऊ धागा, औषध घेतो आणि निगुतीने हाताळला तर ताकदही फारशी सोडत नाही.

औषध किती जातं, याचा हिशोब ब्रोशर कधीच करत नाही, म्हणून इथे करते. ३-० जाडीचा धागा, व्यास ०.२ मिलिमीटरपेक्षा थोडा जास्त. एक मीटर पीएलएलएचं वजन पन्नास मिलिग्रॅमच्या आतबाहेर. त्यात वजनाच्या पाच टक्के औषध भरलं, तर मीटरमागे अडीच मिलिग्रॅम. कीटोप्रोफेनची तोंडाने घ्यायची एक कॅप्सूल ५० मिलिग्रॅमची असते. म्हणजे या धाग्याने गोळ्या बंद होतील, असं कोणी सांगत असेल तर ऐकून सोडून द्या. जे मिळतं ते टाक्याच्या अगदी लगतच्या मांसपेशींत. तिथे मात्र अडीच मिलिग्रॅम कमी नाही.

आता मुख्य तक्रार. स्क्रीनवर पर्याय आहे: 'दाब उतरवण्याचा वेग, बार प्रति मिनिट'. आकडा टाकायचा आणि निघायचं, असं विक्रेत्याने प्रात्यक्षिकात दाखवलं. दाखवताना भांडं रिकामं होतं. प्रत्यक्षात काय होतं, की शंभर-दोनशे बारचा सीओटू त्या बारीक छिद्रातून बाहेर पडताना प्रचंड थंड होतो. सव्वापाच बारच्या खाली द्रव सीओटू असूच शकत नाही, त्यामुळे व्हॉल्व्हच्या तोंडाशी सरळ सुका बर्फ धरतो. छिद्र बुजतं. स्क्रीनवर दाब स्थिर. सॉफ्टवेअरला वाटतं व्हॉल्व्ह पुरेसा उघडला नाही, म्हणून ते आणखी उघडतं. मग बर्फाचा खडा सुटतो आणि दाब एका झटक्यात दहा-पंधरा बार खाली. सॉफ्टवेअर घाबरून व्हॉल्व्ह बंद करतं. पुन्हा बर्फ. ग्राफवर उतार दिसायला हवा, तिथे जिना दिसतो.

प्रत्येक झटका धाग्यात नोंदला जातो. खोल पाण्यातून एकदम वर आलेल्या पाणबुड्याच्या रक्तात बुडबुडे होतात तसंच, धाग्याच्या अंगात मुरलेल्या सीओटूला हळूच निघायला वेळ मिळाला नाही, की तो आतल्या आत फुगतो. बाहेर काढलेला पीएलएलएचा धागा हातात धरला तर नुसता दुधी वाटतो. तेवढ्याने दचकू नका. सीओटूमध्ये पीएलएलएचं स्फटिकीकरण वाढतं, तेवढा दुधीपणा त्यानेही येतो. खरी गोष्ट मायक्रोस्कोपखाली कळते. चांगल्या धाग्यात सगळीकडे एकसारखा धुरकटपणा असतो. झटका बसलेल्यात लांबीच्या दिशेने बारीक पांढऱ्या चिरा असतात, सुईने ओरखडल्यागत, काही आतच संपणाऱ्या, काही पृष्ठभागापर्यंत आलेल्या. सरळ ओढून पाहिला तर हा धागा पास होतो. गाठ मारून ओढला, की गाठीपाशीच तुटतो. ताण-चाचणी सरळ धाग्यावर करून 'ताकद कायम' असं लिहिणाऱ्यांचे रिपोर्ट म्हणून मी बाजूला ठेवते. सर्जन सरळ धागा वापरत नाही, गाठ वापरतो.

दुसरं नुकसान पृष्ठभागावर होतं. ४० अंशांवर १०० बारवरून ८० वर येताना घनता ६३० वरून २८० वर कोसळते. वीसच बारमध्ये सीओटू औषध धरून ठेवायची ताकद गमावतो आणि ते सगळं धाग्यावर बारीक स्फटिकांच्या रूपात येऊन बसतं. असा धागा ३७ अंशांच्या बफरमध्ये, म्हणजे शरीरातल्या द्रवासारख्या द्रावणात, टाकला, की पहिल्याच काही तासांत भसकन औषध सुटतं आणि मग फारसं काही नाही. एकूण टक्केवारी झकास दिसते, कारण वरचे स्फटिकही त्यातच मोजले जातात. आम्ही मोजण्याआधी धागा थंड इथेनॉलमधून पटकन काढतो, म्हणजे वरचं धुऊन जातं आणि खरंच आत गेलेलं तेवढं राहतं.

मग फार सावकाश उतरवावं का? तेही नाही. फार रेंगाळलात, तर बाहेर जाणारा सीओटू आत गेलेल्या औषधातला काही भाग परत घेऊन जातो. म्हणूनच हा वेग मधला, आणि मुख्य म्हणजे एकसारखा लागतो. तो एकसारखेपणा हे मशीन विकत घेतलेल्या अवस्थेत देत नाही.

आम्ही केलेला इलाज: रेग्युलेटरचं स्वयंचलित उतरवणं बंद, त्याच्या पुढे हीटर गुंडाळलेला मायक्रोमीटरिंग व्हॉल्व्ह (प्रवाह अगदी बारकाईने सोडणारा), आणि शंभर बारपासून खाली येताना एक माणूस समोर बसलेला. कंपनीच्या सर्व्हिस इंजिनिअरला ग्राफ दाखवला. भला माणूस होता. "मॅडम, बाकीचे ग्राहक अर्क काढतात, त्यांना हे जाणवतच नाही," म्हणाला. त्याचं खरंच होतं. वनस्पतींचा अर्क काढणाऱ्याला दाब कसा उतरला, याच्याशी काय देणंघेणं? मशीन मुळात त्यांच्यासाठी बनलंय आणि 'इम्प्रेग्नेशन' (म्हणजे मुरवणं) हा शब्द नंतर चिकटवलाय. गरम होणारा रेग्युलेटर त्यांच्याकडे जादा पर्याय म्हणून आहे, हे तेव्हा कळलं. कोटेशनमध्ये त्याचा उल्लेखही नव्हता.

ओ-रिंगचं, म्हणजे गळती रोखणाऱ्या रबरी कड्यांचं, थोडक्यात. झाकणात व्हायटॉन रबराच्या रिंगा येतात. सीओटू त्यांच्यातही मुरतो, त्यामुळे दाब उतरला की त्यांच्या अंगावर फोड येतात, कधी चिरही जाते. ईपीडीएम या दुसऱ्या रबराच्या मागवल्या, त्या बऱ्याच जास्त टिकतात.

ब्रोशरमधला एक दावा मात्र मी लाल पेनाने खोडला: 'औषध भरताना धागा निर्जंतुकही होतो'. नुसत्या सीओटूने बरेचसे जिवाणू मरतात, बीजाणू (काही जिवाणूंची चिवट, सुप्त रूपं) मात्र दाद देत नाहीत. त्यासाठी पेरअॅसिटिक अॅसिडसारखं काहीतरी सोबत लागतं आणि मग ते औषधाशी जमतं का, हा वेगळा अभ्यास. निर्जंतुकीकरण नंतर करायचंच आहे आणि औषधाचं प्रमाण पुन्हा त्याच्यानंतर मोजायचं आहे, हे धरून चाला.

आणखी एक मर्यादा, यात मशीनचा दोष नाही. सर्जनना जी औषधं मनापासून हवी असतात त्यातली बरीचशी क्षाररूपात असतात. जेंटामायसिन सल्फेट किंवा डायक्लोफिनॅक सोडियम सीओटूला जवळपास ओळखतच नाहीत. थोडं इथेनॉल सोबत घालून काही औषधांचं जमतं, पण मग सॉल्व्हंट नको म्हणून इथे आलो होतो, ते थोडंसं मागच्या दाराने परत येतं. काय भरायचंय ते आधी ठरवा. ते सीओटूत विरघळत नसेल, तर हे मशीन तुमच्यासाठी नाही, कितीही चांगल्या व्हॉल्व्हचं असलं तरी.

शेवटी धागा ज्यांच्या हातात जायचा, त्यांच्याकडे दिला. सर्जन सरांनी हातमोजे घालून स्पंजच्या तुकड्यावर टाके घातले. टक्केवारी, ग्राफ, काही विचारलं नाही. दोन-तीन गाठी मारून झाल्यावर म्हणाले, "पीडीओवाला द्या मला. हा दुसरा गाठीत बसत नाही, उलगडायला बघतो." दुसरा म्हणजे पीएलएलए, आमचा सगळ्यात जास्त औषध घेतलेला. स्फटिकीकरणाने तो ताठ झाला होता आणि गाठ आवळताना त्यांच्या बोटांना ते कळलं. आता आम्ही पीएलएलएचं काम मागे ठेवलंय.

सुरक्षेबद्दल मॅन्युअल बरं आहे, रप्चर डिस्क (दाब फार वाढला तर आधी फुटणारी चकती) योग्य जागी आहे. पण भरलेलं भांडं म्हणजे ४० अंश, २०० बारला ८४ ग्रॅम सीओटू, आणि तो मोकळा झाला की पंचेचाळीस लिटरहून जास्त वायू. एक भांडं हवेशीर खोलीत काही करत नाही. सिलिंडर गळला तर गोष्ट वेगळी, आणि हा वायू हवेपेक्षा जड, खाली साचतो. खोलीतला सेन्सर मशीनसोबत येत नाही, तो स्वतः बसवा, कमरेच्या खाली. आठ तासांच्या कामासाठीची मर्यादा ५,००० पीपीएम आहे.

घ्यायचं असेल तर ऑर्डरमध्ये हे लिहूनच घ्या: हीटर असलेला रेग्युलेटर, ईपीडीएमच्या रिंगा, खिडकी, आणि सिलिंडर आत तळापर्यंत नळी असलेला, नाहीतर पंपाला द्रवाऐवजी वायू मिळतो आणि तो नुसता धापा टाकतो. प्रात्यक्षिकाला जाताना स्वतःचा धागा घेऊन जा. भांडं भरून, औषध घालून, २०० बारवरून खाली उतरवून दाखवा म्हणावं आणि उतरण्याचा ग्राफ छापून मागा. जिना दिसला, तर तिथेच भाव करा.